अकराला थांबणारी गिरणी

रविवार, २ फेब्रुवारी. पोशीर, आमच्या भातगिरणीच्या मागचं वावर. हजर: माझा मोठा भाऊ बाळाराम, म्हणजे बाळादादा, त्याची बायको कुंदावहिनी, त्यांचा मुलगा नितेश, सून आणि पाच वर्षांची नात, नेरळचे टेंपोवाले इस्माईलभाई, माझे यजमान, आणि मी. एकूण आठ. गैरहजर: माझी मुलगी, पुण्याला नोकरीवर. सामान: वालाच्या शेंगा दोन टोपल्या, बटाटे, रताळी, कांदे, ओवा, जाडं मीठ, भांबुर्डीचा पाला, मडकं एक, अंडी सोळा.

ही नोंद मी त्या दिवशी फोनमध्ये केली होती, कारण आदल्या वर्षी पोपटीला, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायच्या बेताला, मीठच विसरलं होतं आणि अख्ख्या दुपारभर मला त्यावरून ऐकावं लागलं होतं. याद्या करणं हा माझा स्वभाव आहे. चौक गावाजवळ, लोधिवलीच्या एका शाळेच्या कार्यालयात मी तीस वर्षं काम करते आहे, यादीशिवाय मला भाजीही आणता येत नाही. परवा फोनमधल्या जुन्या नोंदी पुसत होते तेव्हा ही पुढे आली. पुसायला बोट टेकवलं आणि लक्षात आलं, की बाळादादा ज्या यादीत ‘हजर’ आहे अशी ही शेवटची यादी आहे. मग ठेवली.

त्या दुपारी तो नेहमीप्रमाणे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सगळ्यांना कामाला लावत होता. मडक्यात तळाला पाला, त्यावर शेंगा, मधे बटाटे आणि अंडी, पुन्हा शेंगा, वर घट्ट पाला कोंबून मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा, एवढंच पोपटीचं काम. पण त्याच्या देखरेखीखाली ते धरण बांधण्याएवढं मोठं व्हायचं. “नित्या, पेंढा डाव्या अंगानं घाल रं! डावी बाजू कुठली ती तरी ठाव हाय ना तुला?” इस्माईलभाईंना म्हणाला, “भाई, तुमी निस्ते उभे राहा. तुमी टेंपोचं पेट्रोल बघता तसं आगीकडं बघू नका, आग घाबरते.” अर्ध्या तासाने त्याने मडक्यावर पाण्याचे चार थेंब उडवले, चुर्र झालं, तो म्हणाला, “झालं. काढा.” शेंगा पाटीत ओतल्या, वाफ आली, ओव्याचा आणि भांबुर्डीचा वास सगळ्या वावरात पसरला. मग त्याने एकेक अंडं उचलून त्यावरचं अक्षर वाचायला सुरुवात केली. प्रत्येकी दोन अंडी आणि प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने मालकाच्या नावाचं पहिलं अक्षर, ही त्याची पद्धत. ‘वं’ लिहिलेली दोन्ही अंडी निघाली. वं म्हणजे वंदना, म्हणजे मी. एक त्याने माझ्या हातात दिलं. दुसरं माझ्यादेखत सोललं, मीठ लावलं आणि सावकाश खाल्लं. “वंदे, हे सहावं साल गं,” तो म्हणाला. “सहा अंडी खाल्ली तुजी मी. अजून लाज नाय वाटत?”

हा दंड होता. माझ्या छातीचं एक स्कॅन करून घ्यायचं होतं आणि ते मी सहा वर्षांत केलं नव्हतं.

त्यानंतर अठरा दिवसांनी बाळादादा गेला. न्यूमोनियाने. ताप आला, दम लागला, चार दिवस दवाखान्यात होता आणि एका सकाळी नितेशचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या परीक्षेच्या बैठक क्रमांकांच्या चिठ्ठ्या कापत बसले होते. “आत्या, आबा गेले,” एवढंच म्हणाला. मी कात्री खाली ठेवली. किती चिठ्ठ्या कापून झाल्या होत्या ते मला अजून आठवतं, चौतीस... डॉक्टरांनी नंतर शेवटच्या स्कॅनची चित्रं दाखवली. फुप्फुसं पांढरी झाली होती. पण मधोमध, सहा वर्षांपूर्वी छातीतल्या मुख्य रक्तवाहिनीत बसवलेली जाळीची नळी जिथे बसवली तिथेच, सरळ, जागच्या जागी होती. ज्याची आम्हाला सहा वर्षं धास्ती होती, त्याने त्याला दगा दिला नाही. हे मला सांगायचं आहे. लोक भेटायला आले की विचारतात, “ते छातीचं ऑपरेशन झालं होतं ना, त्यानंच काय?” त्यानं नाही. त्याने तर सहा वर्षं दिली. आणि कसली सहा वर्षं! ती नसती तर नात झाल्याचे पेढे वाटताना तो गावातल्या दोन घरांत दोनदा गेला नसता.

सुरुवात झाली आवाजापासून. बाळादादाचा आवाज ही आमच्या भागात माहितीची गोष्ट होती. गिरणी धडधडत असताना तो पलीकडच्या माणसाशी सहज बोलायचा, आणि उन्हाळ्यात गावोगावी टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने भरले की माईक त्याच्याच हातात असायचा. “गोलंदाज धावत निघाले हायेत, त्यांच्या आईनं सकाळी दिलेली भाकरी अजून पोटात हाय, बघू या जोर लागतो का... आणि चेंडू गेला, थेट भाताच्या उडव्यावर! सहा धावा, आणि उडव्याच्या मालकाची माफी!” अशी त्याची कॉमेंटरी. बाद झालेला खेळाडू रागाने बॅट आपटत यायचा आणि याचं एक वाक्य ऐकून हसत बसायचा. त्या वर्षी जानेवारीत त्याचा आवाज बसला. घोगरा, फाटका, वाक्याच्या शेवटी हवाच निघायची. आम्ही सगळ्यांनी एकमताने ठरवलं की कोंडा घशात गेला. भातगिरणी असलेल्या घरात दुसरा विचार कुणाला सुचणार? शिंक आली की कोंडा, डोळा लाल झाला की कोंडा, आवाज गेला की कोंडाच. तीन महिने हळद-दूध, गुळण्या, ज्येष्ठमध. वहिनीने त्याच्या तोंडाला पंचा बांधला. तो घोगऱ्या आवाजात म्हणायचा, “दरोडेखोर दिसतो मी. लोक भात घिऊन यायचे सोडून पळून जातील.” त्या मोसमात सामने त्याच्याविना झाले. सामन्यांच्या दिवशी तो गिरणीत बसून राहायचा आणि लांबून येणारा दुसऱ्याचा आवाज ऐकायचा. ते मला पाहवलं नाही. मी ‘दादा – घसा – तज्ज्ञ’ अशी यादीत नोंद केली आणि त्याला गाडीत घातलं.

घशाच्या डॉक्टरांनी आत दुर्बीण घातली आणि म्हणाले, घसा ठीक आहे, एका बाजूचा स्वरतंतू हलत नाही, छातीचा एक्स-रे काढा. एक्स-रे बघून त्यांनी लगेच सीटी स्कॅनची चिठ्ठी लिहून दिली. पुढे सीटी स्कॅन झालं, आणि पनवेलच्या पुढे एका मोठ्या इस्पितळात आम्ही ज्या डॉक्टरांसमोर बसलो त्या वयाने माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या होत्या. त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. हृदयातून निघून छातीतून खाली पोटाकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनी, महाधमनी, एका जागी फुग्यासारखी फुगली आहे. त्या फुग्याचा दाब आवाजाच्या नसेवर पडतो आहे. फुगा असाच राहिला तर एके दिवशी फुटेल आणि फुटला तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळणार नाही. उपाय दोन. एक, छाती उघडून तेवढा तुकडा बदलणं. दोन, जांघेतल्या बारीक छिद्रातून, आतल्या आत, कापडाचं अस्तर असलेली जाळीची नळी त्या फुगलेल्या जागी नेऊन उघडणं, म्हणजे रक्त त्या नळीतून जाईल आणि फुगलेल्या भिंतीवर जोर येणार नाही. दुसऱ्या उपायात छाती उघडावी लागत नाही, माणूस लवकर उठतो. पण ते एकदा करून विसरायचं काम नव्हे, जन्मभर ठरावीक काळाने स्कॅन करत राहायचं. शिवाय पायांतली ताकद जाण्याचा धोका थोडा असतो, तो आधीच सांगते, असं त्या म्हणाल्या.

माझ्याकडे चौदा प्रश्न लिहिलेले होते. मी एकेक विचारत होते, उत्तरं लिहून घेत होते. बाळादादाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. “मॅडम, म्हंजे गेटर?” डॉक्टरांना कळलं नाही. मग त्याने त्यांना समजावलं, की टायर एका जागी कमजोर झाला आणि ट्यूब तिथून बाहेर फुगायला लागली की पंक्चरवाला आतून जुन्या रबराचा तुकडा बसवतो. बाहेरून काहीच दिसत नाही, गाडी मात्र पळते. त्या तुकड्याला गेटर म्हणतात. “इस्माईलभाईच्या टेंपोच्या चारी टायरांत गेटर हाय. तरी पुण्याला जाऊन येतो.” डॉक्टर हसल्या, म्हणाल्या, “अगदी हेच. फक्त आमचं गेटर नवं असतं, काका.” पुढे एकदा बाहेर बसलेली असताना त्या दुसऱ्या पेशंटला ‘टायरच्या गेटरसारखं’ म्हणून समजावताना मी स्वतः ऐकलं. हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो आठवडाभर ताठ चालत होता.

नळी बसवल्यावर तो शुद्धीत आला तेव्हा आम्हाला दारातून बघू दिलं. डॉक्टर पायांशी उभ्या होत्या. “काका, पाय हलवा बघू.” मी आणि वहिनी एकमेकींचा हात धरून उभ्या होतो. मला वहिनीची नखं लागत होती आणि तिला माझी. काही क्षण काहीच हललं नाही... मग चादरीखाली उजवा अंगठा हलला, मग डावा, मग दोन्ही पाय गुडघ्यापासून. आणि तो घोगरा आवाज, “हलवतो का, फुगडीच घालतो. कुंदे, ये.” पाचव्या दिवशी तो घरी आला. गावाला त्याने स्वतःच सांगून टाकलं, “गेटर टाकून आणलाय. आता मी पुण्याला जाऊन येतो.”

मला वाटलं होतं काम संपलं. ‘दादा – ऑपरेशन’वर मी टिक मारली होती. महिन्याभराच्या स्कॅनमध्ये नळीच्या बाजूने थोडं रक्त अजून त्या फुग्यात झिरपताना दिसलं. डॉक्टर म्हणाल्या, घाबरू नका, अशी गळती काही जणांना राहते, बऱ्याचदा आपोआप बंद होते. सहा महिने वाट बघू. तोवर रक्तदाब वर जाता कामा नये, रोज मोजा, लिहून ठेवा. जड उचलायचं नाही. आणि जाता जाता त्या मला म्हणाल्या, हे काही घरांत रक्तातून येतं, तेव्हा सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी एकदा आपलीही तपासणी करून घ्यावी. मी लिहून घेतलं. ‘नितेश – स्कॅन. वंदना – स्कॅन.’ नितेशने पुढच्याच महिन्यात केलं, सगळं ठीक निघालं, टिक.

जड उचलू नका हे भातगिरणीवाल्याला सांगणं म्हणजे मासळीवाल्याला हात ओले करू नका सांगण्यासारखं. पण त्याने ऐकलं. गिरणीच्या दारावर पाटी लावली, ‘आपलं पोतं आपण उचलावं. मालकाच्या छातीत गेटर आहे.’ लोक पाटी वाचून हसायचे आणि पोतं उचलायचे. रक्तदाबाचं यंत्र मी नवं घेऊन दिलं आणि एक वही, आखून, रकाने पाडून: तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, शेरा. पहिल्याच दिवशी कळलं, की गिरणी चालू असली की जमिनीला जी धडधड होते तिने यंत्र गोंधळतं आणि चुकीचं दाखवतं. मग बाळादादाने नियम केला. सकाळी अकरा वाजता गिरणी दहा मिनिटं बंद. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि खरी मजा ती होती. अकराला पट्टा उतरायचा, गिरणी थांबायची, आणि बाळादादा खुर्चीत हात टेबलावर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचा. बघायला माणसं जमायची. वहिनी दारात उभी राहून म्हणायची, “पस्तीस वर्षं झाली लग्नाला. गप्प बसलेला नवरा आता बघितला, वन्सं. त्या डॉक्टरचं भलं होवो.” तो डोळे वटारायचा, पण बोलता येत नसे.

पुढचा घोटाळा फक्त आमच्या गिरणीतच होऊ शकत होता. चार महिने मी दर पंधरवड्याला वहीच्या पानांचे फोटो इस्पितळात पाठवत होते. एके दिवशी दुपारी तिथून फोन आला, डॉक्टर स्वतः बोलत होत्या. आकडे फार वरखाली होत आहेत, एक दिवस एकशे दहा, दुसऱ्या दिवशी एकशे नव्वद, गळती असताना हे चालणार नाही, आत्ताच्या आत्ता घेऊन या. मी शाळेतून तशीच निघाले. लोधिवलीहून पोशीरपर्यंत गाडी चालवताना मी मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होते, फुटू नको, फुटू नको. बाळादादाला गाडीत घातलं, वाटेत एक शब्द बोलू दिला नाही, म्हटलं दाब वाढेल. त्याने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मी ओरडले. इस्पितळात पोहोचलो, मोजलं, एकशे अठरा. पुन्हा मोजलं, एकशे सोळा. डॉक्टरांनी वहीचं पान समोर ठेवलं. “मग हे एकशे नव्वद कुणाचं?” बाळादादाने चष्मा लावून बघितलं. “हे व्हय? हे इस्माईलभाईचं.” आणि हे एकशे सत्तर? “हे गुलाबकाकूचं. शेजारची. ह्यो एकशे दहा शाळेतल्या मास्तरांचा, ते बारीक हायेत.” अकराला गिरणी थांबायची, भात घेऊन आलेल्या माणसांना दहा मिनिटं काम नसायचं, यंत्र टेबलावर असायचं, मग जो तो हात घालायचा. आणि वही समोर होती म्हणून जो तो तारीख टाकून आपला आकडा लिहायचा. नावाचा रकाना मी आखला नव्हता. तीस वर्षं रकाने आखणारी बाई, आणि नावाचा रकाना नाही! “मी गाडीत सांगत होतो तुला,” बाळादादा म्हणाला, “बोलू कुठं दिलंस?”

डॉक्टर इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. मग एकदम गंभीर झाल्या. “हे एकशे नव्वदवाले कोण आहेत त्यांना उद्या डॉक्टरकडे घेऊन जा. उद्याच.” इस्माईलभाईंना आपल्याला काही आहे हे ठाऊकच नव्हतं. आधी तर त्यांनी मानलंच नाही, म्हणाले, “अरे, गिरणीचं मशीन आहे, गिरणीसारखंच बोलणार.” बाळादादाने त्यांच्या टेंपोची किल्ली काढून घेतली आणि सांगितलं, “औषध चालू कराल तवा किल्ली. नायतर पोशीरलाच मुक्काम.” त्यांची औषधं तेव्हापासून चालू आहेत. गुलाबकाकूंचीही. मी तीन वह्या केल्या, तिन्हींवर नावं घातली, आणि गावाची एक चौथी, तीत पहिला रकाना नावाचा.

सहा महिन्यांनी, नोव्हेंबरात, गळती बंद झालेली दिसली. फुगाही थोडा आकसला होता. येताना त्याला सरळ घरी जायचं नव्हतं. “पळसदरीला घे,” म्हणाला. धरण काठोकाठ होतं, भात कापून झालेलं, ऊन कोवळं. दगडी भिंतीवर बसून आम्ही उकडलेल्या शेंगा खाल्ल्या. तिथे मी वही काढली आणि एकेक काम वाचून टिक मारायला लागले. गळती, बंद. औषधं, तीच. पुढचं स्कॅन, एक वर्षाने. नितेश, झालं. इस्माईलभाई, चालू. तो ऐकत होता, शेंगांची टरफलं एका जागी गोळा करत होता. मग म्हणाला, “सगळ्यांची नावं झाली. तुज्या यादीत तू कुठं हायेस गं?” मी पान उलटून दाखवलं. ‘वंदना – स्कॅन.’ टिक नव्हती. म्हटलं, करते रे, शाळेचं निरीक्षण होऊ दे. “बरं,” म्हणाला, “मग पोपटीला बघतो.” बोलताना माझ्या लक्षात आलं... त्याचा आवाज. फाटत नव्हता. पूर्वीसारखा पूर्ण नव्हता, वरच्या पट्टीत थोडा तडकत होता, पण आवाज होता. “दादा, बोल काहीतरी,” मी म्हटलं. तो भिंतीवर उभा राहिला आणि धरणाकडे तोंड करून म्हणाला, “गोलंदाज धावत निघाले हायेत...” समोरून आवाज परत आला. खाली बसलेली दोन अनोळखी पोरं दचकून उठली. मी पोट धरून हसत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकदम.

त्या फेब्रुवारीत त्याने पुन्हा माईक धरला आणि पहिलं अंडं खाल्लं. पुढच्या वर्षी मी म्हटलं लॉकडाऊन होता. त्यापुढे मुलीचं लग्न, मग अकरावीचे प्रवेश, मग यजमानांचं गुडघ्याचं ऑपरेशन, मग पुन्हा परीक्षा. प्रत्येक कारण खरं होतं. तो एकदाही रागावला नाही, फक्त अंडं सोलायचा. त्याची स्वतःची दर नोव्हेंबरची तारीख मात्र त्याने एकदाही चुकवली नाही, डॉक्टरांसाठी घरचा तांदूळ घेऊन जायचा, आणि बाहेर बसलेल्या घाबरलेल्या माणसांना गेटरची गोष्ट सांगायचा. आत जाताना रडवेला असलेला माणूस बाहेर येऊन याचा फोन नंबर मागायचा, हे मी दोनदा पाहिलं.

त्याला जाऊन आता सात आठवडे झाले. गेल्या रविवारी पोशीरला गेले होते. गिरणी चालू होती, नितेश बघत होता. कागदपत्रांची माझी यादी मी टेबलावर ठेवली: दाखला, बँक, वीजमीटरचं नाव, गिरणीचा परवाना, असं एकेक. बारा कामं, अकरा झालेली. अकरा वाजले. नितेशने स्विच बंद केला, पट्टा सुटत सुटत थांबला, आणि ती शांतता आली. भात घेऊन आलेली माणसं रांगेत बाकावर बसली. इस्माईलभाई पहिले, हात टेबलावर, पाच मिनिटं गप्प. मग त्यांनी खुर्ची माझ्यासाठी सोडली. मी बसले, नितेशने दंडाला पट्टा गुंडाळला, आणि मोजेपर्यंत वेळ जावा म्हणून मी बाळादादाची वही चाळली. दर महिन्याच्या शेवटच्या ओळीला, शेऱ्याच्या रकान्यात, त्याच्या वाकड्या अक्षरात तेच वाक्य होतं. ‘वंदीचं स्कॅन बाकी.’ पहिल्या वर्षापासून या जानेवारीपर्यंत, एकही महिना सुटलेला नाही. शेऱ्याचा रकाना मीच आखला होता, आणि इतक्या वर्षांत मी फक्त आकडेच बघत आले होते.

“एकशे बत्तीस,” नितेश म्हणाला. “आत्या, हललीस मधे, पुन्हा मोजू या.” वहिनी चहा घेऊन आली होती. तिने माझ्या हातातली वही बघितली, यादी बघितली, आणि चहा खाली ठेवत म्हणाली, “वन्सं, पुढच्या पोपटीला तुमचं अंडं खायला आता कुणी नाय हां.”

नितेशने घड्याळ बघून स्विच दाबला, गिरणी सुरू झाली. मी पेन काढलं आणि अकराव्या कामावर टिक आहे ना ते पुन्हा पाहिलं. बाराव्यासमोर जागा मोकळी आहे: ‘वंदना – स्कॅन – तारीख घेणे.’